सुरी लागली म्हणून गाठ पसरत नाही

खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग केंद्राकडे निघालेल्या नातेवाइकांना रिक्षापासूनच सल्ला मिळतो: "मेंदूच्या गाठीला सुरी लावू नका, पसरते." ग्लिओमाच्या, म्हणजे मेंदूच्या आधारपेशींतून उठणाऱ्या गाठीच्या, बाबतीत हे उलटं आहे. त्याच्या पेशी शस्त्रक्रियेआधीच आसपासच्या मेंदूत शिरलेल्या असतात. अमेरिकी मेंदू शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी 1928 मध्ये मेंदूचा अख्खा उजवा अर्धगोल काढल्याचं प्रसिद्ध केलं. तरी गाठ परतलीच.

हे शिरणं प्रयोगशाळेत मोजता येतं. 8 मायक्रॉन छिद्रांच्या पडद्यावर मॅट्रिजेलचा, म्हणजे पेशींभोवतीच्या जाळ्यासारख्या जेलचा, पातळ थर देतात. वर सीरम (रक्तातला पोषक द्रव भाग) नसलेल्या द्रवात पेशी, खाली आमिष म्हणून 10 टक्के सीरम. 37 अंशांवर साधारण 24 तास. मग वरच्या पेशी कापसाच्या काडीने पुसायच्या, खालच्या क्रिस्टल व्हायोलेटने रंगवून मोजायच्या. इथे सुरी कुठेच नाही, तरी पेशी थर पोखरून खाली उतरतात.

घोळ बहुधा जेलचा होतो. ते बर्फावरच हाताळायचं, पिपेटची टोकंही थंड हवीत. नाहीतर टेबलावरच गोठतं, थर उंचसखल बसतो आणि पेशी फटीतून घसरतात. म्हणून शेजारी बिनथराचा पडदा हवाच. तो नसेल तर पेशी नुसती सरकली की थर भेदून गेली, हे सांगता येत नाही.

मात्र मॅट्रिजेल उंदराच्या गाठीतून काढलेलं. मेंदूत पेशींभोवतीच्या जाळ्यात मुख्यत्वे हायलुरोनन हा साखरेचा लांब रेणू असतो. त्यामुळे खरी खात्री मेंदूच्या जिवंत कापांवर पेशींचा गोळा ठेवूनच करावी.