भरीतातून वांगं परत निघतं का?

परवा भुसावळहून मावसभावाचा फोन. नवीन लॅपटॉप घेतला तर दुकानदार म्हणे, "भो, फ्रीवालं अँटीव्हायरस नुसतं शोपीस, खरं इंजिन पेडमध्येच असतं." हे काही खरं नाही. बऱ्याच कंपन्यांच्या फ्री आणि पेडमध्ये व्हायरस ओळखणारं इंजिन एकच असतं, पैसे जातात ते जादा फायरवॉल (नेटवरून नको ते आत-बाहेर जाऊ न देणारी भिंत), व्हीपीएन (नेटवरची आपली वाट झाकणारी सोय), मुलांवर लक्ष ठेवायची सोय आणि अडलं तर बोलायला माणूस, यासाठी.

मला त्या इंजिनातला हॅश, म्हणजे फाईलचा जणू अंगठ्याचा ठसा, भारी आवडतो. कुठलीही फाईल, एक ओळीची असो की अख्खा पिक्चर, शा-256 या हॅश काढायच्या पद्धतीत घातली की बाहेर 64 अक्षर-आकड्यांची ओळ येते. आपल्या भरतासारखं, वांगं भाजून ठेचलं की त्यातून वांगं परत निघत नाही, तशी त्या ओळीवरून फाईल परत बनत नाही. मी नोटपॅडमध्ये "केळी" लिहून विंडोजच्या सर्टयूटिल कमांडने हॅश काढला, मग पुढे फक्त एक स्पेस दिली तर अख्खी ओळच बदलली! फाईलमध्ये एका बिटाचा (एका 0 किंवा 1 चा) फरक पडला तरी हॅशच्या 256 बिटांपैकी साधारण निम्मे उलटतात.

म्हणजे सापडलेल्या व्हायरसचा हॅश अँटीव्हायरसच्या यादीत असला की लगेच ओळख पटते, पण व्हायरसवाल्याने एक बाईट (8 बिट) बदलला की यादी गेली वाया. म्हणून इंजिन कोडचे तुकडे जुळवतं, आणि वागणूक बघतं, एखादा प्रोग्राम धडाधड सगळे फोटो उघडून त्यात अगम्य काहीतरी लिहायला लागला की त्याला तिथेच थांबवतं.

विंडोज 10 आणि 11 मध्ये मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, फुकटच येतो, तो हेच करतो. पण काही लोक त्यावर अजून दोन अँटीव्हायरस टाकतात, ते एकमेकांच्याच फायली धरून बसतात अन् मशीन रडतं. एकाने तर मॉनिटरला लिंबू-मिरची लावलेली मी पाहिली, निदान तिने रॅम तरी खाल्ली नाही.

अपडेट मात्र टाळू नका. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला, तो ज्या फटीतून शिरला तिच्यावरचा पॅच, म्हणजे विंडोजची दुरुस्ती, मार्चमध्येच आला होता. आणि फुकटच्या अँटीव्हायरसच्या अटी नीट वाचून घ्या, लोकांची ब्राउझिंगची माहिती विकल्याच्या आरोपावरून अमेरिकेत 2024 मध्ये अव्हास्ट या अँटीव्हायरस कंपनीला 1 कोटी 65 लाख डॉलर भरायची वेळ आली.

भावाला हे सगळं सांगितलं तर म्हणे, तीन वर्षांचं पेड कालच घेतलं. म्हटलं मग वापर, फक्त सोबत दुसरं काही टाकू नको.