मुरणारी शाई आणि बसणारी शाई: शुभेच्छापत्रांसाठी डाय इंक की पिगमेंट इंक?

संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते आणि त्याच सुमारास आमच्या घरी तिळगुळाच्या पुडीबरोबर द्यायची छोटी शुभेच्छापत्रे ठसे उमटवून तयार होतात. हा छंद नव्याने लागलेल्यांची पहिली गल्लत बहुधा शाईतच होते. स्टेशनरीच्या दुकानात काळे स्टँप पॅड मागितले की हाती पडणारी डबी डाय इंकची असेल किंवा पिगमेंट इंकची. आकार तोच, झाकण तसेच, आणि पहिल्या ठशाचा काळेपणाही जवळजवळ सारखाच. फरक लक्षात येतो तो कार्ड पाकिटात घालताना, त्यावर रंग भरताना किंवा ते महिनाभर उन्हात राहिल्यावर.

सोलापूरकरांना हा फरक सुताच्या आणि कापडाच्या उदाहरणावरून चटकन उमजेल. आपल्या चादरीवरची नक्षी छापलेली नसते. सूत आधी रंगवतात आणि त्या रंगीत सुतातून जेकार्ड मागावर नक्षी विणली जाते, म्हणजे रंग तंतूंमध्येच मुरलेला असतो. पिगमेंट छपाईच्या कापडावर मात्र रंगाची अत्यंत बारीक पूड बाइंडरच्या, म्हणजे चिकट बांधणीद्रव्याच्या, साहाय्याने वरून चिकटवलेली असते आणि ती पक्की होण्यासाठी कापडाला साधारण 150 अंश सेल्सिअसची उष्णता द्यावी लागते. शाईचेही तसेच आहे. डाय इंकमध्ये रंग द्रवात पूर्ण विरघळलेला असतो, त्यामुळे तो कागदाच्या तंतूंत शिरतो आणि काही क्षणांत सुकतो. पिगमेंट इंकमध्ये रंगाचे कण न विरघळता दाट द्रवात पसरलेले असतात, ते कागदाच्या पृष्ठभागावर थर धरून बसतात आणि सुकायला वेळ घेतात.

'शाई पसरली' या एकाच तक्रारीखाली आपण दोन वेगळे दोष सांगत असतो, आणि उपाय चुकतो तो इथेच. ठशाच्या रेषेला केसांसारखे फाटे फुटले असतील तर डाय इंक सैल, शोषक कागदात शिरून तंतूंच्या वाटेने पुढे सरकली आहे, असे समजावे. तिथे कितीही वाट पाहिली तरी उपयोग नाही, कागदच बदलावा लागतो. गुळगुळीत, घट्ट विणीचे 250 ते 300 जीएसएमचे (म्हणजे दर चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचे) कार्डशीट घेतले की तीच शाई स्वच्छ, धारदार रेषा देते. याउलट ठसा काठोकाठ नीट उमटलेला असताना बोट लागताच तो फरपटला, तर ती न सुकलेली पिगमेंट इंक आहे. एका वर्षी मी चकचकीत कागदावर पिगमेंट इंकने तीसेक कार्डे काढली, रात्रभर पंख्याखाली ठेवली आणि सकाळी एकावर एक रचली. प्रत्येक कार्डाच्या पाठीवर खालच्या कार्डाचा उलटा ठसा उमटला होता. चकचकीत लेपातून शाईला आत जायला वाट नव्हती, आणि वाळत ठेवण्याचा काळ वाढवून तो प्रश्न सुटणारही नव्हता. अशा कागदावर पिगमेंट इंक उष्णता देऊनच पक्की करावी लागते.

मग ही सावकाश सुकणारी शाई घ्यायचीच कशाला? संक्रांतीचे कार्ड हेच त्याचे उत्तर आहे. हा सण काळ्या रंगाचा, चंद्रकळेचा आणि तिच्यावर खुलणाऱ्या पांढऱ्याशुभ्र हलव्याच्या दागिन्यांचा. काळ्या कार्डावर डाय इंक दिसतच नाही, कारण ती पारदर्शक असते आणि खालचा रंग तिच्यातून वर येतो; म्हणूनच पांढरी डाय इंक मिळत नाही. पांढरा ठसा हवा असेल तर पिगमेंट इंकच लागते. नुसत्या पांढऱ्या शाईचा ठसा वाळल्यावर थोडा करडा पडतो, पण तिचे सावकाश सुकणे इथे कामी येते: ओल्या ठशावर पांढरी एम्बॉसिंग पावडर (उष्णतेने वितळून ठसा उठावदार करणारी पूड) पसरावी, कार्ड तिरके धरून मागून टिचकी मारावी आणि जास्तीची पावडर कागदावर गोळा करून परत डबीत भरावी. जानेवारीच्या कोरड्या हवेत कार्डावर स्थिर वीज साठते आणि नको तिथे पावडरचे कण चिकटतात, म्हणून ठसा मारण्यापूर्वी कॉर्नफ्लोअरची लहानशी पुरचुंडी कार्डावरून हलकेच फिरवून घ्यावी. नंतर हीट गन, म्हणजे खूप गरम हवा सोडणारे हातातले यंत्र, 8 ते 10 सेंटीमीटरवर धरली की रवाळ पावडर एका काठाकडून वितळत जाते आणि ठिपका चकाकत फुगून वर येतो, अगदी काटेरी हलव्याच्या दाण्यासारखा. वितळताच गन पुढे सरकवावी, नाहीतर पावडर कागदात मुरून ठिपका बसतो. केस वाळवायच्या यंत्राने हे काम होत नाही. त्याचा वारा पावडर उडवतो आणि तेवढी उष्णताही त्यात नसते. डाय इंकवर ही पावडर धरत नाही, कारण पावडर टाकेपर्यंत ठसा सुकलेला असतो.

डाय इंकची जागा वेगळी आहे. घाईची कार्डे, मुलांच्या हातची कार्डे, स्पंजाने एका रंगातून दुसऱ्यात उतरत जाणारे संध्याकाळचे आकाश, या सगळ्यांसाठी माझी पसंती तिलाच आहे. ठशात जलरंग भरायचे असतील तर मात्र डबीवर जलरोधक असे लिहिलेले पाहूनच ती घ्यावी. साधी डाय इंक ओल्या कुंचल्याबरोबर वाहते. भिंतीवर लावायच्या कार्डासाठीही ती टाळावी, कारण सुटे रंगरेणू उजेडाने लवकर विटतात आणि पिगमेंटच्या कणात आतले रेणू बाहेरच्यांच्या आड सुरक्षित राहतात.

डबीवरचे लेबल गेले असेल तर पॅडला बोट लावून पाहावे. फोमसारखे मऊ पॅड आणि सायीसारखी दाट शाई बहुधा पिगमेंटची, तर टणक फेल्ट आणि पातळ शाई बहुधा डायची. खात्रीसाठी काळ्या कागदाच्या तुकड्यावर रंगीत शाईचा ठसा मारावा. रंग ठळक दिसला तर ती पिगमेंट. फोमच्या पॅडवर ठसा दाबला की खाचांत शाई भरते आणि अक्षरे बुजतात, म्हणून ठसा उलटा धरून पॅडच त्यावर हलकेच थोपटावे.

सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की डाय इंकचे पॅड उघडे राहिल्यास पाहता पाहता कोरडे पडते. प्रत्येक ठशानंतर झाकण लावावे आणि डबी पालथी ठेवावी, म्हणजे शाई वरच्या बाजूला राहते. पिगमेंटचे पॅड त्या मानाने तग धरते, पण पिगमेंट इंकसाठी वापरलेला हातातला ठसा काम होताच ओल्या फडक्याने पुसावा लागतो, कारण खाचांत वाळलेले कण पुढच्या ठशाची बारीक रेष खाऊन टाकतात.