लिंगडीचं पहिलं पाणी का ओतून द्यायचं?

मे महिन्यात ट्रेकसाठी कुल्लूला गेलात तर भाजीबाजारात हिरव्या गोगलगायीसारखे गुंडाळलेले देठ जुड्या बांधून ठेवलेले दिसतात. मी पहिल्यांदा बघितले तेव्हा वाटलं फुलदाणीत ठेवायचं काहीतरी असेल. विकणाऱ्या आंटी म्हणाल्या, लिंगडी है, सब्जी बनाओ, अचार डालो, आणि जाता जाता दम भरला की पहिलं उकळलेलं पाणी फेकून द्यायचं हां. का विचारलं तर, बस ऐसे ही बनाते हैं.

लिंगडी म्हणजे नेचा, आपण ज्याला सरळ फर्न म्हणतो तो. फूल नाही, फळ नाही, बी नाही, पानाच्या मागच्या बाजूला बीजाणूंचे ठिपके, बस. नेच्याचं नवीन पान घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळी करूनच बाहेर येतं म्हणजे आतलं नाजूक टोक सुरक्षित राहतं, आणि ही गुंडाळी सुटायच्या आत खुडली तरच खाण्यात मजा, नंतर नुसता चोथा. लिंगडीचं शास्त्रीय नाव डिप्लाझियम एस्क्युलेंटम, त्यातल्या एस्क्युलेंटमचा अर्थच खाण्याजोगं. ओढ्याकाठी, ओलसर सावलीत वाढते. उत्तराखंडात हिलाच लिंगुडा, आसामात ढेकिया, बंगालात ढेकी शाक, दार्जिलिंग-सिक्कीमकडे निंग्रो (तिकडे छुर्पी म्हणजे याकच्या नाहीतर गाईच्या दुधाचं चीज घालून करतात, मिळालं तर सोडू नका), आणि पार फिलिपिन्समध्ये पाको.

पण म्हणून सह्याद्रीत दिसली गुंडाळी की तोडली असं करू नका प्लीज. नेच्यांच्या हजारो जाती आहेत आणि कोवळेपणी बऱ्याचशा सारख्याच दिसतात.

ब्रॅकनचंच बघा. जगात जवळजवळ सगळीकडे उगवणारा हा नेचा, जपानमध्ये त्याला वाराबी म्हणतात आणि कोरियात गोसारी, दोन्हीकडे आवडीने खातात. पण यात टाक्विलोसाइड नावाचं एक द्रव्य असतं जे पेशीतल्या डीएनएला जाऊन चिकटतं. गाईंनी ब्रॅकन बरेच दिवस चरला तर लघवीतून रक्त जातं, मूत्राशयात गाठी होतात. हे द्रव्य 1983 साली वेगळं काढलं गेलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ब्रॅकनला माणसात कॅन्सर करू शकेल अशा गोष्टींच्या यादीत टाकलंय. मग जपानी लोक खातात कसे? तर कोवळ्या देठांवर लाकडाची राख टाकायची, वरून उकळतं पाणी ओतायचं, रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी ते काळपट पाणी फेकून द्यायचं आणि देठ परत धुवायचे. राखेतल्या पोटॅशियम कार्बोनेटमुळे पाणी अल्कधर्मी होतं, टाक्विलोसाइड पाण्यात विरघळतं आणि अल्कात तर टिकतच नाही, त्याचं रूपांतर होत होत शेवटी निरुपद्रवी पदार्थ उरतो. हल्ली राखेऐवजी खायचा सोडा वापरतात. सगळं विष जातं असं नाही, पण बरंच जातं. आपल्याकडे शेवळं ही रानभाजी करताना काकडं (रानातली आंबट फळं) घालतात ना, नाहीतर घसा खाजून जीव नको होतो, त्याच जातकुळीतली ही अक्कल. रसायन वेगळं, पण तेही कुणीतरी आधी घसा खाजवून घेऊनच शिकलं असणार.

आणि कृती अर्धवट उचलली तर काय होतं त्याची गोष्ट ऑस्ट्रेलियातली आहे. 1860 मध्ये बर्क आणि विल्स हे दोन शोधप्रवासी मेलबर्नहून निघाले, अख्खा खंड दक्षिण-उत्तर पार करायचा म्हणून, सोबत कराचीहून बोटीने आणलेले उंट वगैरे मोठा लवाजमा. एप्रिल 1861 मध्ये अर्धमेले होऊन कूपर्स क्रीकच्या तळावर परत पोचले तर वाट बघणारी तुकडी त्याच दिवशी सकाळी निघून गेलेली, म्हणजे नशीब बघा. तिथल्या यांड्रुवांधा लोकांनी त्यांना मासे दिले, नार्डूच्या भाकऱ्या दिल्या. नार्डू हा पण नेचाच, आपल्या भातखाचरात चार पानांचा जो छोटा पाणनेचा दिसतो त्याच्या कुळातला, त्याचे वाटाण्यापेक्षा लहान टणक बीजाणुकोश दळून पीठ करतात. पुढे बर्कने त्याच लोकांवर बंदूक झाडून त्यांना लांब केलं आणि मग हे आपले आपणच नार्डू दळून खायला लागले. पोट भरायचं, विल्सने डायरीत लिहिलंय की भूक चांगली लागते, नार्डू आवडतोही, पण अंगाला काही लागत नाही. पाय जड, नाडी मंद. जूनच्या शेवटाकडे दोघंही गेले.

1994 साली नेचर या नियतकालिकात अर्ल आणि मॅक्लिअरी यांनी याचं उत्तर मांडलं. नार्डूत थायामिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते बी1 जीवनसत्त्व तोडून टाकतं, म्हणजे खाल तितका बेरीबेरी (बी1 कमी पडल्याने होणारा आजार) जवळ. वर हे एन्झाइम उष्णतेलाही सहजासहजी दाद देत नाही, त्यामुळे नुसतं शिजवून भागत नाही. यांड्रुवांधा बायका पीठ भरपूर पाण्यात कालवायच्या, त्याने एन्झाइमला काम करायला लागणारे जोडीदार पदार्थ पातळ होऊन जातात. साहेबांनी पीठ उचललं, पाणी विसरले. तिसरा साथीदार किंग मात्र यांड्रुवांधांकडे जाऊन राहिला, त्यांच्या हातचं खाल्लं आणि सप्टेंबरमध्ये शोधपथकाला जिवंत सापडला.

त्याच 1994 मध्ये न्यूयॉर्क राज्यात आणि पश्चिम कॅनडात शहामृग नेच्याच्या (ऑस्ट्रिच फर्नच्या) गुंडाळ्या कच्च्या किंवा नुसत्या परतून खाल्लेल्या लोकांना उलट्या-जुलाब झाले. नेमकं कशाने ते तपासात कळलं नाही, पण तेव्हापासून कॅनडा सरकार सांगतं की पंधरा मिनिटं उकळा आणि पाणी फेका. थोडक्यात, कुल्लूच्या आंटी.

माझी पद्धत अशी. लिंगडी जुन्या गोणपाटावर चोळून भुरी लव काढायची, हाताला आधी तेल लावा नाहीतर बोटं दोन दिवस काळी. मग पंधरा मिनिटं उकळून चहासारखं झालेलं ते पाणी सिंकमध्ये. नंतर मोहरीच्या तेलात लसूण, सुकी मिरची, असेल तर गढवाली जख्या, नसेल तर जिरं चालतं, आणि दोन बटाटे. चव फरसबी आणि भेंडीच्या मधली, किंचित बुळबुळीत, आमच्या घरात दोघांना आवडते आणि एकजण ताट सरकवतो.