संत्रापट्ट्यातील मोटारभ्रमंती

संत्रापट्ट्यातील मोटारभ्रमंती : नागपूर, अमरावती आणि वर्धा जिल्ह्यांतील संत्र्याचे बगीचे वाटाड्याशिवाय, स्वतःच्या गाडीने पाहत फिरणे. नाशिकच्या वायनरी-सहलींशी हिची तुलना सहज सुचते. पण ती अर्धीच खरी. नाशिकला वाइन चाखायला खास दालन असते, तिकीट असते, वेळ ठरलेली असते. इकडे रस्त्याच्या दोन्ही अंगांना बगीचे असतात आणि आत जायचे तर मालकाला विचारायचे, एवढीच व्यवस्था.

काटोल, नरखेड, कळमेश्वर, वरुड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर आणि वर्धा जिल्ह्यातील आष्टी व कारंजा (घाडगे) हे तालुके मिळून हा पट्टा होतो. वरुडला ‘विदर्भाचे कॅलिफोर्निया’ म्हणतात. झाड मात्र मूळचे इथले नाही. 18 व्या शतकात रघुजी भोसल्यांनी ते औरंगाबादकडून आणवले, असे सांगतात. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

सोयीचा मार्ग नागपूर–काटोल–जलालखेडा–वरुड–मोर्शी–अमरावती असा आहे. नागपूर ते काटोल साधारण 60 किलोमीटर. न थांबता गेल्यास सगळा रस्ता अर्ध्या दिवसात संपतो, पण मग बाहेर पडण्यात अर्थ नाही. वरुडजवळचे शेंदूरजनाघाट चुकवू नये. इथल्या रोपवाटिकांत जंबेरीच्या, म्हणजे एका रानटी लिंबाच्या, खुंटावर (मुळाकडच्या रोपावर) संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, भरतात. पेन्सिलीएवढ्या खुंटावर जमिनीपासून वीतभर उंच चीर देतात, साल किंचित उचलून त्यात डोळा सरकवतात आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळतात. वीतभर उंचीला कारण आहे : डोळा ओल्या मातीजवळ आला की पुढे झाडाला डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, लागायला वाट मिळते. लावलेले कलम पाचव्या-सहाव्या वर्षी फळावर येते. मोर्शीजवळ सिंभोऱ्याचे अप्पर वर्धा धरण आणि मध्य प्रदेशच्या सीमेवरची सालबर्डी ही जोडठिकाणे आहेत.

कधी जावे, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर पंचांगात नसून बहारात आहे. संत्र्याला पाणी तोडून ताण द्यावा लागतो, मग पाणी मिळाले की झाड फुलते. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा तो आंबिया बहार. त्याची तोड दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन जानेवारीपर्यंत चालते. जून-जुलैत पावसावर फुलणारा तो मृग. त्याची फळे फेब्रुवारीपासून उतरतात. म्हणून एकदाच जायचे असेल तर फेब्रुवारी गाठावा. एका धुऱ्यापलीकडे (बांधापलीकडे) आंबियाचा बगीचा पांढऱ्या फुलांनी घमघमत असतो आणि अलीकडे मृगाची पिवळीधमक फळे लोंबत असतात. आंबियाची सुरुवातीची फळे हिरवट दिसली तरी आंबट म्हणून टाकू नयेत. साल हिरवट असली तरी फळ आतून पिकलेले असू शकते. मृग मात्र पावसावर अवलंबून असल्याने दरवर्षी धरेलच, असे नाही.

तोड चालू असलेला बगीचा मिळाला तर नशीब. मजूर फळ ओढत नाहीत, कातरीने देठाजवळ कापतात; ओढले की देठापाशी साल फाटते आणि ते एक फळ पेटीतल्या इतरांनाही सडवते. झाडाखालच्या ढिगातून मोठा माल वेगळा निघतो, बारीक माल म्हणजे चुरी. पूर्वी सौदा हजार फळांवर व्हायचा, आता बराचसा टनावर होतो. पुष्कळदा फळे झाडावर असतानाच बगीचा व्यापाऱ्याला विकलेला असतो. अशा वेळी मालक ‘घ्या ना, खा’ म्हणाला, तरी फळे त्याची राहिलेली नसतात. राखणदाराला विचारावे, आणि घरी न्यायची तर विकत घ्यावीत.

सगळेच बगीचे हिरवेगार दिसत नाहीत. मोर्शी-वरुड भागात उपसा इतका झाला की भूजल फार खोल गेले. बोअर आटल्यावर तोडलेल्या झाडांची खोडे रस्त्यावरूनही दिसतात. पानांवर काळा थर दिसला तर ती कोळशी, काळ्या माशीच्या चिकट स्रावावर वाढणारी बुरशी. भावाचे विचारू नये असे नाही, पण विचारले की तासभर ऐकायची तयारी ठेवावी. त्यात बांगलादेशाचे नाव येणारच. ते मोठे गिऱ्हाईक, आणि तिथले आयात शुल्क वाढले की इथला ढीग पडून राहतो.

गाडीबाबत एक बारीक सूचना. तोडीच्या दिवसांत कॅरेटने भरलेले ट्रक आणि ट्रॅक्टर अंधारात, बऱ्याचदा मागच्या दिव्याशिवाय चालतात. परतीचा प्रवास उजेडातच उरकावा. नागपूर–अमरावती महामार्गाने परतणाऱ्याने आणखी एक ध्यानात घ्यावे. कारंजा आणि तळेगाव वर्धा जिल्ह्यात येतात आणि तिथे दारूबंदी आहे. नाशिकची बाटली डिकीत ठेवून संत्रे बघायला निघालेल्याला या महामार्गावर हा टापू टाळता येत नाही.