इराणच्या फौजेतल्या बायका: त्या दोन फोटोंच्या मागची गोष्ट

इराणमध्ये काही खुट्ट झालं की तासाभरात ते दोन फोटो फॅमिली ग्रुपवर येतातच. एकात गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट, तिरकी टोपी, रांगेत परेड करणाऱ्या तरुण पोरी, खाली लिहिलेलं 'क्रांतीआधी', म्हणजे १९७९ च्या इस्लामी क्रांतीआधी. दुसऱ्यात डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यातल्या बायका, खांद्याला रायफल, खाली 'क्रांतीनंतर'. मग एखादे काका लिहितात, बघा काय होतं आणि काय करून ठेवलं, आणि विषय संपतो. आता फोटो काही खोटे नाहीयेत, पण ते बघून जे डोक्यात बसतं ना, की आधी बायका खऱ्याखुऱ्या सैनिक होत्या आणि मग मुल्लांनी त्यांना घरी बसवलं, ते फार तर अर्धं बरोबर आहे, आणि उरलेलं अर्धं जास्त इंटरेस्टिंग आहे म्हणून हे लिहितोय.

एक गंमत आधी सांगतो. या विषयातले शब्द आपल्याला परके नाहीतच. लष्कर, फौज, सरदार, शिपाई, गस्त, सगळं फारसीतूनच मराठीत आलेलं. चादोर, म्हणजे तिथल्या बायका डोक्यावरून अंगभर घेतात तो कपडा, ती आपली चादरच. आणि शिपाई ज्याच्यावरून आला तो शब्द 'सेपाह', म्हणजे फौज. हा एक लक्षात ठेवा, पुढे दोनदा येणार आहे, एकदा शहाच्या, म्हणजे इराणच्या राजाच्या तोंडून, आणि एकदा त्याला उलथवणाऱ्या क्रांतीचे धर्मगुरू-नेते खोमेनींच्या.

तर सुरुवात त्या स्कर्टवाल्या फोटोच्याही बरीच आधी होते. १९०८ मध्ये मोहम्मद अली शहाने तेहरानच्या संसदेवर तोफा डागल्या आणि संविधान मागणारे लोक हत्यारं घेऊन उठले. तब्रीझच्या लढायांच्या काळात, पुरुषांचे कपडे घालून लढलेल्या वीस बायकांची प्रेतं सापडल्याची बातमी 'हबल-उल-मतीन' या पेपरात आली होती, आणि हा फारसी पेपर निघायचा कुठून तर आपल्या कलकत्त्यातून. पण माझी फेव्हरिट आहे बख्तियारी टोळीतली बीबी मरियम. लोक तिला सरदार मरियमच म्हणायचे. १९०९ मध्ये बख्तियारी घोडेस्वार तेहरानवर चालून आले त्याच्या आधीच ही बाई थोडे बंदूकवाले घेऊन गुपचूप शहरात शिरली, संसदेसमोरच्या बहारिस्तान चौकातल्या एका घराच्या गच्चीवर ठाण मांडून बसली आणि लढाई सुरू झाल्यावर वरून शहाच्या कोसॅक शिपायांवर गोळ्या झाडायला लागली. ना युनिफॉर्म, ना पगार, ना नेमणुकीचा कागद. दोन वर्षांनी, १९११ च्या डिसेंबरात, रशियाने इराणला धमकी दिली तेव्हा तीनेकशे बायका बुरख्याआड पिस्तुलं लपवून संसदेत घुसल्या आणि तुम्ही कच खाल्लीत तर बघा असं खासदारांना सुनावून आल्या. हे लिहून ठेवलंय मॉर्गन शुस्टरने, म्हणजे ज्याला हाकला म्हणून रशिया अडून बसला होता त्या अमेरिकन खजिनदाराने.

मग आला रझा शहा. १९२५ मध्ये सक्तीची लष्करभरती, अर्थात फक्त पुरुषांची. १९३६ च्या जानेवारीत चादोरवर बंदी. ही बंदी म्हणजे मुक्ती असं आज सरसकट लिहिलं जातं, पण रस्त्यात पोलीस बाईच्या डोक्यावरची चादोर ओढतोय, हेच कित्येक बायकांना सरकारी युनिफॉर्मचं झालेलं पहिलं दर्शन होतं. कित्येकींनी तर घराबाहेर पडणंच सोडलं. याच काळात फ्लाइंग क्लब निघाला आणि एफ्फत तेजारतची नावाची मुलगी १९४० च्या सुमारास विमान उडवणारी पहिली इराणी बाई झाली, तेही खरंच. दोन्ही गोष्टी एकाच राजवटीतल्या.

आता त्या स्कर्टवाल्या पोरींकडे येऊ. रझा शहाचा मुलगा मोहम्मद रझा शहाने १९६३ मध्ये 'श्वेत क्रांती' नावाची सुधारणांची योजना जाहीर केली, बायकांना मताचा हक्क मिळाला, आणि बारावी झालेल्या तरुणांना बराकीत ठेवण्याऐवजी खेड्यात शिकवायला पाठवायची स्कीम आली, तिचं नाव सेपाह-ए-दानिश, ज्ञानाची फौज. १९६८ च्या कायद्याने शिकलेल्या, लग्न न झालेल्या मुलीही यात आल्या. थोडं ट्रेनिंग, कवायत, सॅल्यूट, अंगावर युनिफॉर्म, आणि मग कुठल्यातरी वीज नसलेल्या गावात पोरांना अलिफ-बे शिकवायचं नाहीतर आरोग्याच्या पथकात काम करायचं. शहरात वाढलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला हे केवढं वेगळं जग असेल विचार करा, आणि त्या गावातल्या आयाबायांना ही टोपीवाली मास्तरीण कशी दिसली असेल तेही. पण ही फौज खडूची होती, बंदुकीची नाही. खुद्द लष्करात बायका होत्या त्या दवाखान्यात, ऑफिसात, टाईपरायटरसमोर. जनरलच्या हुद्द्यापर्यंत पोचलेली पहिली बाई म्हणून मरझिये अरफई यांचं नाव घेतात, त्याही डॉक्टर. टँकवर, लढाऊ विमानात, तोफेमागे बाई, असं चित्र शहाच्या काळातही नव्हतं. हा शहा १९७३ मध्ये ओरियाना फल्लाची या इटालियन पत्रकार बाईला तोंडावर म्हणाला होता की कायद्यात तुम्ही समान असाल पण कुवतीत नाही. परेडच्या फोटोखाली हे कोणी लिहीत नाही.

त्या काळात खरंच बंदूक चालवणाऱ्या बायका होत्या, फक्त त्या शहाच्या विरुद्ध बाजूला होत्या. डाव्या फेदाईन गटातली मरझिये अहमदी ओस्कुई १९७४ मध्ये चकमकीत मारली गेली, अश्रफ देहकानी तुरुंगातून पळाली. आणि धार्मिक बाजूला होती मरझिये हदीदची दब्बाग, जिच्यावर थोडं थांबायलाच हवं कारण तिच्याशिवाय पुढचं काही कळत नाही.

हमादानची, लहान वयात लग्न झालेली, आठ पोरांची आई. सत्तरच्या दशकात सावाकने, म्हणजे शहाच्या गुप्त पोलिसांनी, तिला उचललं, भयानक छळ केला, तिच्या शाळकरी मुलीलाही आणून कोठडीत टाकलं. सुटल्यावर बाई देश सोडून गेली, लेबनॉन-सीरियाकडे हत्यारांचं ट्रेनिंग घेतलं. १९७८ मध्ये खोमेनी पॅरिसजवळच्या नोफ्ल-ल-शातो गावात होते तेव्हा ही त्यांच्या घरात स्वयंपाकपाणीही बघायची आणि सुरक्षाही. क्रांती झाल्यावर सेपाह-ए-पासदारान निघालं, आपण ज्याला रिव्होल्युशनरी गार्ड म्हणतो ते (सेपाह, दुसऱ्यांदा), आणि हमादानमध्ये त्याची कमांड कोणाकडे, तर या बाईकडे. जी राजवट बायकांना घरी बसवायला आली असं आपण म्हणतो तिने एका अख्ख्या भागाचे बंदूकधारी पुरुष एका चादोरवाल्या बाईच्या हाताखाली दिले होते. शहाने हे कधी केलं नाही. पुढे ती खासदार झाली, आणि जानेवारी १९८९ मध्ये खोमेनींचं पत्र घेऊन मॉस्कोला गोर्बाचेव्हकडे जे तिघं गेले त्यातली एक हीच. गोर्बाचेव्हने हात पुढे केला, परपुरुषाला हात कसा लावायचा, तर हिने चादोरचं टोक हातावर ओढलं आणि कापडाआडून हात मिळवला. २०१६ मध्ये वारली.

पण दब्बाग म्हणजे अपवाद, नियम वेगळा होता. फेब्रुवारी १९७९ मध्ये क्रांती झाली आणि काही आठवड्यांत बायकांना न्यायाधीश होण्यापासून थांबवलं, मुलींची सक्तीची सेवा बंद झाली, ८ मार्चला हजारो बायका हिजाबविरोधात रस्त्यावर उतरल्या, आणि १९८० च्या उन्हाळ्यात सरकारी ऑफिसांत हिजाब सक्तीचा झाला, लष्करातल्या कर्मचारी बायकाही त्यातून सुटल्या नाहीत. एका हाताने हे, आणि दुसऱ्या हाताने खोमेनींनी दोन कोटींची फौज उभी करा म्हणून हाक दिली, त्यातून बसीज ही स्वयंसेवकांची फौज आली आणि त्यात बायकांची वेगळी शाखा. लॉजिक असं लावलं की चढाईचा जिहाद बाईवर बंधनकारक नाही, पण देशावर चाल झाली तर बचाव सगळ्यांवर बंधनकारक. नव्या संविधानातल्या १५१ व्या कलमातही सर्व नागरिकांना लष्करी शिक्षण द्यावं असंच आहे, पुरुषांना असं नाही. त्यामुळे मशिदीच्या आवारात शिंपीण, मास्तरीण, कॉलेजातली पोरगी कलाश्निकोव्ह खोलून परत जोडायला शिकतेय हे चित्र आलं ते क्रांतीनंतर. तो दुसरा फोटो इथला.

सप्टेंबर १९८० मध्ये सद्दामने हल्ला केला आणि थिअरी संपली. सीमेवरचं खुर्रमशहर महिनाभर लढलं. तिथे सतरा वर्षांची झहरा हुसेनी जन्नताबादच्या कब्रस्तानात प्रेतं धुवायला लागली कारण धुवायला माणसंच उरली नव्हती, स्वतःच्या बापाला आणि भावाला तिने तिथेच पुरलं आणि मग बंदूक मागत फिरली. मासूमेह आबाद, तीही सतराची, रेड क्रेसेंटची, म्हणजे तिथल्या रेड क्रॉसची कार्यकर्ती, अबादानकडे परतताना इराक्यांच्या हाती लागली. तिने सांगितलंय की इराकी सैनिक खुशीत वायरलेसवर ओरडत होते, इराणच्या बायका-जनरल पकडल्या म्हणून. म्हणजे स्वतःच्या लष्करात जिला शिपाई म्हणून घेतलं नसतं तिला शत्रूने डायरेक्ट जनरल केलं. तीन वर्षांवर कैदेत काढली तिने आणखी तिघींबरोबर.

आणि केरमानशाहच्या बाजूला गिलान-ए-गर्बजवळच्या खेड्यातली फरंगीस हैदरपूर, अठरा वर्षांची. गाव डोंगरात पळालेलं, ही बापाबरोबर घरातलं धान्य आणायला खाली आली, वाटेत ओढ्यापाशी दोन इराकी. हातात बापाची कुऱ्हाड. एकाला जागीच मारलं, दुसऱ्याला त्याच्या हत्यारासकट पकडून आणलं. आज तिचा कुऱ्हाडवाला पुतळा केरमानशाहच्या बागेत आहे.

पण युद्धातल्या बहुसंख्य बायकांचं काम पुतळ्यालायक नव्हतं. खुझेस्तानातल्या अंदिमेश्कला लष्करी हॉस्पिटलची धुलाई होती, तिथे गावातल्या बायका रोज बसने जायच्या आणि आघाडीवरून आलेले युनिफॉर्म, चादरी, ब्लँकेटं धुवायच्या. आधी रक्त सोडवायचं, मग ब्लीच. ब्लँकेटच्या घड्या उलगडल्या की कधी आत बोटाचा तुकडा, हाडाचा तुकडा निघायचा, तो बाजूला काढून पुरायचा आणि पुढचं ब्लँकेट घ्यायचं. कित्येकींची स्वतःची पोरं त्याच आघाडीवर होती. सरकारी हिशोबाप्रमाणे आठ वर्षांत ६,४०० च्या आसपास बायका मेल्या, बहुतेक बाँबहल्ल्यांत, आणि आघाडीवर काम केलेल्या मदतनीस आणि नर्स बायका २२ हजारांवर.

याच युद्धात सीमेपलीकडे उलटंच दृश्य होतं. सद्दामच्या आसऱ्याला गेलेल्या मुजाहिदीन-ए-खल्क या राजवटीविरुद्धच्या इराणी संघटनेने १९८७ मध्ये स्वतःची फौज काढली, त्यात बायका टँकवर आणि कमांडर म्हणूनही, आणि जुलै १९८८ मध्ये त्या इराणवरच चालून आल्या. कोमला या कुर्दी बंडखोर पक्षातही बायकांच्या हातात बंदुका होत्या. म्हणजे लढाईची पोस्ट हवी असेल तर इराणी बाईला राजवटीच्या विरुद्धच जावं लागत होतं, शहाच्या काळात होतं तसंच.

आणि ज्यांनी राजवटीची बाजू घेतली त्यांना काय मिळालं? १९८७ चा लष्कराचा कायदा, ३२ वं कलम: लष्कर बायकांना फक्त औषधोपचार आणि आरोग्याच्या नोकऱ्यांत घेऊ शकतं. फक्त. युद्ध चालू असताना, अंदिमेश्कची ब्लँकेटं अजून वाळायची होती तेव्हा. १९९१ मध्ये सेपाहच्या कायद्यात थोडी जास्त जागा ठेवली, जिथे बाईचीच गरज आहे तिथे बाई घ्या, म्हणजे मुख्यतः बायकांची झडती, बायकांचं ट्रेनिंग, ऑफिस. बसीजमध्ये पुढे अल-झहरा नावाच्या बायकांच्या बटालियन आल्या, त्यांच्या परेडचे फोटो जगभर फिरतात. हे फोटो बघून लोकांचं डोकं किती फिरतं याचा नमुना म्हणजे २०१२, करजमधल्या बायकांच्या निंजुत्सु क्लबवर रॉयटर्सने 'हजारो निंजा बायका मारेकरी व्हायला शिकतायत' अशा थाटाचं हेडिंग दिलं, त्या मुली चिडल्या, आणि इराणने रॉयटर्सचं कामाचं लायसन्सच थांबवलं.

सामान्य इराणी मुलीला प्रत्यक्ष भेटणारी युनिफॉर्मवाली बाई मात्र वेगळीच. बायकांची पोलीसभरती क्रांतीनंतर गुंडाळली होती, ती नव्वदच्या शेवटी परत उघडली, २००३ मध्ये पहिली तुकडी पास झाली, चादोर सांभाळत दोरावरून भिंत उतरणाऱ्या त्या पोलीसबायका तुम्ही पाहिल्या असतील. त्यातल्याच काही गश्त-ए-इर्शादच्या, म्हणजे हिजाबवर नजर ठेवणाऱ्या पोलिसांच्या (आपल्या भाषेत गस्तच) व्हॅनमध्ये बसून रस्त्यावरच्या मुलींचे केस तपासायच्या. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनीला, जिच्या मृत्यूनंतर देशभर आंदोलन पेटलं तिला, उचललं ते याच गस्तीने. १९३६ ला पोलीस चादोर ओढत होता, इथे ओढायची दिशा बदलली होती आणि ओढणारी बाई होती.

सक्तीची भरती आजही फक्त मुलग्यांना आहे. सेवा पूर्ण केल्याचं कार्ड नसेल तर मुलाला साधा पासपोर्ट मिळत नाही, त्यामुळे तिथल्या घरात भाऊ बहिणीला म्हणतो तू सुटलीस. बहिणीला पासपोर्ट मिळतो, पण लग्न झालेलं असेल तर नवऱ्याची सही लागते.