मेंदूचा अभ्यास आडवा का झाला?

ताठ उभे राहिले की आत्मविश्वास वाढतो, हा 'पॉवर पोझ'चा दावा २०१० सालचा. प्रयोग ४२ जणांवरचा, त्यात लाळेतली संप्रेरके तपासली होती; मेंदू कोणी पाहिलाच नव्हता. २०१५ मध्ये २०० जणांवर तो पुन्हा केला तेव्हा संप्रेरकांत फरक दिसला नाही. पुढच्याच वर्षी मूळ शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनीच त्यावरचा विश्वास जाहीरपणे काढून घेतला. प्रसिद्धी मात्र ओसरली नाही.

शरीराची ठेवण आणि मेंदू यांची खरी गोष्ट यापेक्षा खूप जुनी आहे. १८८० च्या दशकात इटलीतल्या तुरिनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँजेलो मोस्सो यांनी माणूस निजेल एवढा लाकडी तराजू बनवला. माणसाला उताणे झोपवायचे, दोन्ही बाजू समतोल करायच्या आणि मग त्याच्या डोक्याला काम द्यायचे. मेंदूकडे रक्त धावले तर डोक्याची बाजू झुकेल, हा हिशेब. श्वासागणिक तराजू हलायचा. तो सावरायला वेगळे वजन लावावे लागे. तराजूने नेमके काय मोजले यावर वाद घालता येईल, पण मेंदूच्या कामामागोमाग रक्त जाते ही कल्पना १९९० नंतरच्या फंक्शनल एमआरआयचाही (मेंदूतल्या रक्तातले बदल टिपून कोणता भाग काम करतोय हे दाखवणाऱ्या तपासणीचाही) पाया आहे. आणि तिथेही माणूस आडवाच!

आपल्याकडे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन करून आसनांचे प्रयोगशाळेत मोजमाप सुरू केले. त्यांचा भर रक्तदाब, क्ष-किरण अशा तपासण्यांवर होता.

आडवे होण्याने फरक पडतो, हे अलीकडे नीट तपासले गेले. उताणे झोपल्यावर मेंदू गुरुत्वाकर्षणाने किंचित मागे सरकतो, डोक्याच्या मागच्या भागातला मेंदूभोवतीच्या द्रवाचा थर पातळ होतो आणि तिथले ईईजीचे, म्हणजे डोक्यावर लावलेल्या तारांनी टिपलेल्या मेंदूच्या विजेचे, संकेत जोरकस येतात. म्हणजे मेंदूचे काम तेच असले तरी आलेख बदलू शकतो. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात उलटसुलट अक्षरांतून शब्द जुळवण्याचे कोडे उभ्यापेक्षा झोपलेल्यांना लवकर सुटले. आडवे झाल्यावर रक्तदाब टिपणाऱ्या संवेदकांमुळे सतर्कता वाढवणारी यंत्रणा शांत होत असावी, असा संशोधकांचा अंदाज होता.

२००९ चा प्रयोग मला सर्वांत बोलका वाटतो. सहभागींना मुद्दाम अपमानास्पद शेरे ऐकवले. बसलेल्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात रागाशी जोडली जाणारी डावीकडची विद्युत हालचाल वाढली. झोपलेल्यांत ती वाढ दिसली नाही. रागावरचे एमआरआय अभ्यास आडव्या माणसांवरच होतात, हे त्यांचे निष्कर्ष वाचताना सहसा कोणी ध्यानात घेत नाही.