रात्री अकराला दिवा का घालवायचा?

घोडी लवकर माजावर यावी म्हणून थंडीत तिच्या ठाणात संध्याकाळी दिवा लावून दिवस लांबवतात. जानेवारी उजाडला की गोव्यातल्या आमच्या तबेल्यावर त्याबद्दल दोन प्रश्न हमखास येतात. ‘दिवा लावूनही घोडी माजावर का येत नाही?’ आणि ‘हिचे केस का गळायला लागले?’

अंधार पडला की मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीतून मेलाटोनिन हे संप्रेरक (हार्मोन) स्रवतं. थंडीतल्या मोठ्या रात्रीत ते जास्त वेळ रक्तात राहतं आणि प्रजननाची साखळी सुरू करणारं जीएनआरएच हे संप्रेरक दबून राहतं. मग अंडाशयांना चालना देणारी एफएसएच आणि एलएच ही संप्रेरकं पुरेशी सुटत नाहीत, अंडाशय थंड पडतात. दिवस वाढला की हा दाब उठतो. त्याच सुमारास प्रोलॅक्टिन हे आणखी एक संप्रेरक वाढतं आणि थंडीचे केस सुटतात. म्हणून खराऱ्याला झुपक्यांनी केस येत असतील आणि खाली तुकतुकीत नवी लव दिसत असेल, तर दिवा लागू पडतोय असं समजा. चट्टे, खाज किंवा खपल्या असतील तर मात्र पशुवैद्यांना दाखवा. उतारवयातल्या घोड्याचे लांब केस शिगमो उलटला तरी सुटत नसतील, तर मेंदूच्या तळाशी असणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीची तपासणी करून घ्या.

एवढा खटाटोप का, असंही विचारतात. घोडी सुमारे अकरा महिने गाभण असते. जुलैत गाभण राहिली तर शिंगरू जूनमध्ये, ऐन चिखलात जन्मतं. जानेवारीत राहिली तर डिसेंबरच्या कोरड्या हवेत. त्यासाठी तुळशीच्या लग्नाच्या सुमारास दिवा सुरू करावा लागतो, कारण परिणाम दिसायला साठ-सत्तर दिवस जातात. जानेवारीत घोडी आणून ‘आठवड्यात करून द्या’ म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो. उद्धटपणा नव्हे, घोडीचं शरीर तेवढ्यात तयार होत नाही.

आता मुख्य गोष्ट. घरी दिवा लावणारे बरेचजण तो रात्रभर ठेवतात. सत्तरी तालुक्याकडे बिबट्याची भीती, इतरत्र सापाची; कारण खरं आहे. पण घोडीला सोळा तास उजेड आणि आठ तास अंधार, दोन्ही लागतं. अंधारच मिळाला नाही तर शरीराला दिवस-रात्रीचा हिशेब लागत नाही, आणि दोन महिन्यांची वीज आणि मेहनत फुकट जाते. डिसेंबरात आपल्याकडे सात वाजता उजाडतं. म्हणून सूर्य मावळण्याआधीच दिवा लावा, मध्ये अंधाराची फट नको, आणि अकराला घालवा. ठाणाच्या प्रत्येक कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड हवा. राखणीचा दिवा बाहेर लावा, तोंड रस्त्याकडे करून. लग्नाच्या वरातीसाठी घोडी मध्येच चार दिवस नेऊ नका.

गोव्यात सर्वांत लहान दिवस सव्वाअकरा तासांचा आणि सर्वांत मोठा तेराच्या आसपास. उत्तर भारताच्या मानाने हा फरक थोडा, त्यामुळे पोसलेल्या काही घोड्या बारा महिने माजावर येतात. म्हणून आम्ही आधी पशुवैद्यांकडून सोनोग्राफी करून घेतो. घोडीचं चक्र चालू असेल तर दिव्याचे पैसे घेत नाही. बाकीच्यांना टायमर आमचे मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारे) घरी येऊन बसवून देतात. त्याचं भाडं एका फुकट गेलेल्या हंगामापुढे काहीच नाही. दसऱ्यापर्यंत कळवलंत तर तपासणी वेळेत होते.